जंगलाकडून शेती शिकलेला बुरशीतज्ज्ञ

मृगाचा पाऊस पडला की चंद्रपूर-गडचिरोलीत सगळीकडे एकच धांदल उडते. वरोरा, राजुरा, कोरपना भागातल्या काळ्या जमिनीत कापूस आणि सोयाबीन पेरले जाते. वैनगंगेच्या दोन्ही काठांना, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीपासून आरमोरी, देसाईगंजपर्यंत धानाचे पऱ्हे टाकले जातात. पिकाबरोबर तण येते आणि तणामागोमाग पाठीवरचा फवारणीचा पंप. पूर्वी जे निंदण बायांच्या टोळ्या आठ-आठ दिवस करीत, ते आता एक माणूस एका सकाळी औषध मारून उरकतो. तण चार-आठ दिवसांत पिवळे पडते, आणि विषय तिथेच संपला असे आपण समजतो. पण ते औषध जाते कुठे? पुढच्या वर्षी त्याच जमिनीत आपण पुन्हा पेरतो, म्हणजे ते कुठेतरी नाहीसे झालेले असणार. कोण करते ते काम?

याच्या जोडीला आणखी एक प्रश्न ठेवू. आलापल्लीच्या किंवा ताडोबाच्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडी सागाची ताटाएवढी पाने गळतात. वाळल्या पानांचा जाड थर जमिनीवर साचतो. तो कोणी झाडत नाही, उचलत नाही. तरी दर वर्षी ढिगावर ढीग चढत जंगल पानांखाली गाडले जात नाही. ती पाने जातात कुठे?

दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात एकच नाव मोठ्या अक्षरात येते, ते म्हणजे बुरशी. जिवाणूंचा वाटाही मोठा आहेच. पण जिथे लाकूड, काडी, कडक पान यांच्याशी गाठ असते, तिथे पहिला घाव बुरशीचा. ही गोष्ट शेतकऱ्याच्या उकिरड्यापर्यंत नेऊन पोहोचवणारा शास्त्रज्ञ म्हणजे सर अल्बर्ट हॉवर्ड. ज्या खताला आपण आजही इंदूर पद्धतीचे कंपोस्ट म्हणतो, ते त्यांचे. तणनाशकांवर त्यांनी कधी संशोधन केले नाही. आजची तणनाशके बाजारात आली तेव्हा त्यांचे आयुष्य संपत आले होते. पण फवारलेले औषध जमिनीत मोडते की साचते, हे ज्यावर ठरते, त्याचाच शोध घेण्यात त्यांची हयात गेली.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातल्या बिशप्स कॅसल या गावी झाला. घर शेतकऱ्याचे. शेण, गुरे, चारा यांची ओळख पुस्तकाच्या आधी झाली. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि मग केंब्रिजला शिक्षण झाले. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर गेले. तिथे त्यांची नेमणूक होती बुरशीतज्ज्ञ म्हणून. ऊस, कोको, केळी, जायफळ अशा पिकांवर पडणाऱ्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करायचा आणि बागायतदारांना उपाय सांगायचा, हे त्यांचे काम.

तिथे त्यांना एक गोष्ट खटकू लागली. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी ओळखता येत होती, तिचे नाव सांगता येत होते, उपायही लिहून देता येत होता. पण तो उपाय स्वतः करून पाहायला हातभर जमीन त्यांच्याकडे नव्हती. रोग पाहणारा एक आणि पीक घेणारा दुसरा, अशी ही विभागणी होती. आपण बुरशीला फक्त शत्रू म्हणून ओळखतो, ती बाकीचा वेळ काय करते हे आपल्याला ठाऊक नाही, ही जाणीव त्यांना इथूनच लागली.

१९०३ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि केंट परगण्यातल्या वाय इथल्या कृषी महाविद्यालयात रुजू झाले. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप नावाच्या वेलीवर त्यांनी काम केले. बागायतदार नर वेली उपटून टाकत असत. परागीभवन झाले तर फळे लवकर तयार होतात आणि रोगाला कमी बळी पडतात, असे हॉवर्ड यांनी दाखवले. म्हणजे उपाय औषधात नव्हता, निसर्गाची जी व्यवस्था आपण मोडली होती ती परत जोडण्यात होता.

१९०५ मध्ये ते हिंदुस्थानात आले. बिहारमधल्या पुसा इथे सरकारने नवी कृषी संशोधन संस्था उभारली होती, तिथे त्यांना आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञाचे पद मिळाले. त्याच वर्षी मुंबईत त्यांचे लग्न झाले. पत्नी गॅब्रिएल याही केंब्रिजमध्ये शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. प्रकाशसंश्लेषणावरचे त्यांचे काम आधीच नावाजले गेले होते. पुढची पंचवीस वर्षे हे दोघे एकाच शेतात, एकाच टेबलावर काम करत राहिले. गहू सुधारायचा म्हणून त्यांनी काढलेले पुसा ४ आणि पुसा १२ हे वाण उत्तर भारतात दूरवर पसरले. १९१३ मध्ये गॅब्रिएल यांनाही सरकारने शास्त्रज्ञाचे स्वतंत्र पद दिले. त्या काळात एका स्त्रीला अशी जागा मिळणे ही दुर्मीळ गोष्ट होती.

पुशात हॉवर्ड यांनी पहिली मागणी केली ती जमिनीची. त्यांना ७५ एकर मिळाली. मग त्यांनी आसपासच्या गावांतले शेतकरी कसे पेरतात, काय एकत्र पेरतात, गुरे कशी राखतात ते पाहायला सुरुवात केली. त्या शेतकऱ्यांकडे ना फवारे होते, ना रासायनिक खते. तरी त्यांची पिके बरीचशी निरोगी होती. शिकवायला आलेला माणूस शिकायला बसला. कीड आणि रोग यांनाही ते शिक्षकच मानू लागले. रोग पडला म्हणजे जमिनीत किंवा मशागतीत काहीतरी चुकले आहे, अशी ती सूचना. त्यांचे बैल शेजारच्या शेतातल्या लाळ-खुरकुताने आजारी गुरांच्या तोंडाला तोंड लावत, तरी त्यांना रोग झाला नाही, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले.

दोघांनी पिकांची मुळे उकरून, धुऊन, त्यांची पसरण मोजली. पावसाळ्यात जमीन चिबडली की मुळांना हवा मिळत नाही आणि मग पीक रोगट होते, हे त्यांनी ओळखले. पण संस्थेत बुरशीचा विभाग वेगळा, किडीचा वेगळा, रसायनाचा वेगळा. एका रोपाचे असे तुकडे करून अभ्यास करणे हॉवर्ड यांना पटेना. सगळे एका छताखाली आणणारी संस्था त्यांना हवी होती.

ती संधी इंदूरला मिळाली. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा दिला, होळकर दरबाराने ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या कराराने दिली आणि १९२४ मध्ये तिथे वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली. हॉवर्ड तिचे संचालक झाले. ही जमीन होती काळी, कापसाची. वरोरा-राजुऱ्याचा शेतकरी तिथे गेला असता तर त्याला ती परकी वाटली नसती: पावसात चिखल, उन्हाळ्यात हातभर भेगा, आणि जमिनीतले सेंद्रिय द्रव्य उन्हाने झपाट्याने जळून जाणारे.

कापसाला काय हवे, याचा विचार करता करता हॉवर्ड खताच्या प्रश्नावर आले. शेण बरेचसे चुलीत जात होते. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या बांधावर पडून असत किंवा जाळल्या जात. चीन-जपानमधले शेतकरी काडीकचऱ्याचे खत करून शेकडो वर्षे जमिनी कशा सांभाळतात, याचे अमेरिकी शास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेले वर्णन हॉवर्ड यांनी वाचले होते. संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांना बरोबर घेऊन त्यांनी कचऱ्याचे खत बनवण्याची रीत बसवायला घेतली.

पद्धत साधी होती. पऱ्हाट्या कडक, त्या तशा कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या आणि गाड्यांच्या चाकांखाली, बैलांच्या खुरांखाली चिरडू द्यायच्या. त्यात पाने, उसाचे पाचट आणि शेतातून उपटलेले तण मिसळायचे. हे गोठ्यात गुरांखाली पसरायचे. मग त्याचे थर उथळ खड्ड्यात रचायचे, मध्ये शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि चुलीतली राख टाकायची, पाणी शिंपडायचे. ढीग फार दाबायचा नाही, कारण आत हवा खेळायला हवी. ठरावीक अंतराने तीन वेळा पालटी द्यायची. तीन महिन्यांत खत तयार. इथे तण हा शत्रू नव्हता. ते जमिनीतूनच वर आलेले द्रव्य होते, आणि जमिनीला परत द्यायचे होते.

आणि इथे बार्बाडोसचा बुरशीतज्ज्ञ जागा झाला. ढीग लागला की पहिल्या काही दिवसांत तो चांगलाच तापतो आणि त्यात पांढऱ्या तंतूंचे जाळे पसरते. ती बुरशी. काडीचा कठीण भाग तीच फोडते. तिने वाट मोकळी केली की जिवाणू पुढचे काम हाती घेतात. जिला पिकाचा शत्रू म्हणून त्यांनी उमेदीची वर्षे ओळखले होते, ती खरे तर जमिनीची पहिली कामगार होती. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड यांनी शेतातल्या टाकाऊ पदार्थांपासून खत करण्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि इंदूरचे नाव जगभर झाले. आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांपासून आसामच्या चहापर्यंत ही रीत पोहोचली.

हॉवर्ड यांनी पुढे या सगळ्याचे मूळ जंगलात दाखवले. जंगलाला कोणी खत घालत नाही, नांगरत नाही, फवारत नाही. तिथे एका जातीचे पीक नसते, जमीन उघडी नसते आणि जे गळते ते तिथेच मुरते. जंगल स्वतःच स्वतःचे खत करते. शेतकऱ्याने फक्त तिकडे पाहून आपली शेती बेतावी, असे त्यांचे म्हणणे होते. गडचिरोली जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगलाने झाकलेला आहे. तिथल्या माणसाला हा धडा गिरवायला इंदूरला जायची गरज नाही. पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या ज्या सात्या लोक आवडीने खातात, तीही बुरशीच. वाळवी वारुळात काडीकचऱ्याच्या चोथ्यावर ही बुरशी वाढवते, कारण लाकडातला सगळा भाग एकट्या वाळवीला पचत नाही.

लाकूड इतके अवघड का? त्यात सेल्युलोजच्या धाग्यांना घट्ट चिकटवणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासारख्या ठिकाणी बांबू आणि लाकडातून हे लिग्निन वेगळे काढायला तीव्र रसायने आणि प्रचंड उष्णता लागते. जंगलातली पांढऱ्या कुजेची बुरशी तेच काम पावसाच्या गारव्यात, आगीविना करते. ती आपल्या तंतूंतून बाहेर विकरे, म्हणजे एन्झाइम, सोडते. लिग्निनचा रेणू कुठल्याही एका साच्यातला नसतो. कड्याला कडे जोडून तो वेडावाकडा वाढलेला असतो. त्यामुळे ही विकरे एका ठरावीक कुलपाची किल्ली नसून सरसकट घण घालणारी असतात. समोर जे कडे येईल ते फोडायचे. ही गोष्ट लक्षात ठेवू. तणनाशकाचा धागा इथेच जुळतो.

पण त्याआधी हॉवर्ड यांची गोष्ट पूर्ण करू. १८ ऑगस्ट १९३० रोजी गॅब्रिएल यांचा जिनिव्हात मृत्यू झाला. पुढच्या वर्षी हॉवर्ड यांनी हिंदुस्थान सोडला. गॅब्रिएल यांच्या बहिणीशी, लुईस यांच्याशी, त्यांनी लग्न केले. हिंदुस्थानातल्या त्यांच्या कामाचा इतिहास पुढे लुईस यांनीच लिहिला. १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. निवृत्तीनंतर ते चहाचे मळे पाहत हिंडले आणि मुळांना चिकटून राहणाऱ्या बुरशीकडे त्यांचे लक्ष गेले. ही बुरशी मुळात शिरते, पण रोग करीत नाही. जमिनीतले अन्न, विशेषतः स्फुरद, ती झाडाला आणून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. कंपोस्ट घातलेल्या जमिनीत हा शेजार चांगला नांदतो, असे त्यांना दिसले. १९४० मध्ये आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात जंगल, बुरशी आणि सुपीकता यांची सांगड आहे. जगातल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळी त्या ग्रंथाकडे आपले मूळ म्हणून पाहतात.

हॉवर्ड यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. कंपोस्टवर वाढलेल्या पिकाला रोग होत नाही, ते खाणाऱ्या जनावराला आणि माणसालाही होत नाही, इतक्या टोकापर्यंत ते गेले. रासायनिक खतांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना त्यांनी फटकारले, आणि त्या शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला तेव्हा नीट आखलेले तुलनात्मक प्रयोग त्यांच्याकडे नव्हते. मुळांवरच्या बुरशीबद्दलचे त्यांचे निरीक्षण पुढच्या संशोधनाने उचलून धरले; सर्व रोगांवरचा कंपोस्टचा दावा मात्र टिकला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी वनस्पतींच्या वाढीत गोंधळ घालणारे एक रसायन सापडले. युद्ध संपताच ते २,४-डी या नावाने बाजारात आले. रुंद पानांचे तण मारायचे आणि गवतवर्गी पीक राखायचे, असे काम करणारे हे औषध आपल्याकडे आजही धान-गव्हात वापरले जाते. हॉवर्ड यांचा मृत्यू २० ऑक्टोबर १९४७ रोजी झाला. तणनाशकांचे युग तेव्हा नुकतेच उजाडत होते.

हे औषध जमिनीत गेल्यावर काय होते, ते दोनच वर्षांनी लंडनच्या एल. जे. ऑडस या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिले. त्यांनी मातीतून २,४-डीचे पाणी पुन्हापुन्हा फिरवले. सुरुवातीला बरेच दिवस औषध जवळजवळ तसेच राहिले. मग ते झपाट्याने नाहीसे झाले. त्याच मातीत दुसऱ्यांदा औषध सोडले तर ते लगेच मोडू लागले. म्हणजे माती शिकली होती. खरे तर मातीतले जे जीव ते औषध खाऊ शकत होते, त्यांची संख्या वाढली होती. इथले मुख्य कामगार जिवाणू निघाले.

बुरशीचा वाटा हळूहळू पुढे आला. २,४-डीच्या कड्याला ऑक्सिजनचा अणू जोडून त्याचे रूप बदलण्याचे काम काळी बुरशी, म्हणजे ॲस्परजिलस नायगर, करते हे १९६०च्या दशकात दिसले. कुजत्या काडीवर वाढणारी किटोमियम ग्लोबोसम ही बुरशी ॲलाक्लोर मोडते हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. धानात वापरले जाणारे ब्युटाक्लोर आणि प्रेटिलाक्लोर याच ॲलाक्लोरच्या कुळातले. १९८३ मध्ये पांढऱ्या कुजेच्या बुरशीतले लिग्निन फोडणारे विकर सापडले आणि दोन वर्षांत त्याच बुरशीने डीडीटी आणि लिंडेनसारखी चिवट कीटकनाशके फोडल्याचे प्रयोग आले. लिग्निन कड्यांचे बनलेले, आणि यातली बरीच विषेही कड्यांचीच. लाकडासाठी उगारलेला घण त्यांच्यावरही पडत होता.

यातली कळीची गोष्ट अशी, की पुष्कळदा बुरशीला या औषधातून काहीच मिळत नाही. ती त्यावर जगत नाही. ती निघालेली असते काडी फोडायला, आणि वाटेत औषधाचा रेणू आला तर तोही फुटतो. मग जमिनीत काडीच नसेल तर? बुरशी नसेल, विकरे नसतील आणि औषध जिथल्या तिथे राहील. शिवाय बुरशीचे तंतू मातीच्या कणांमधल्या कोरड्या फटी ओलांडून पसरतात, आणि त्या ओल्या तंतूंवरून जिवाणूही पुढे सरकतात. म्हणजे जिवाणूंना औषधापर्यंत नेणारी पायवाटही तीच बांधते. हॉवर्ड ज्याला जमिनीचे अन्न म्हणत होते, तेच जमिनीच्या सफाईचे इंधन आहे.

ग्लायफोसेटची गोष्ट थोडी वेगळी. धुऱ्यावर, पडीकात आणि आता चोरून आलेल्या तणनाशक-सहनशील कापसातही ते मारले जाते. त्याच्या रेणूत कडे नाही. मातीच्या कणांना ते घट्ट चिकटते, म्हणून काही काळ बुरशीच्याही हाती लागत नाही. पेनिसिलियम, ट्रायकोडर्मा, ॲस्परजिलस यांच्या काही जाती ते मोडू शकतात हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण मोडल्यावर ॲम्पा नावाचा जो तुकडा उरतो, तो मूळ औषधापेक्षा जास्त दिवस टिकतो. दुसरे असे की हे औषध वनस्पतीतला जो मार्ग बंद करून तिला मारते, तो मार्ग बुरशीतही असतो. म्हणजे सफाई कामगारालाच विषाचा डोस देण्याचा धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला माणसात कर्करोगाचे संभाव्य कारण ठरवले; युरोप-अमेरिकेतल्या नियामक संस्थांचे मत वेगळे पडले. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची फवारणी फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांकडूनच व्हावी असा आदेश काढला.

बुरशी सगळे निस्तरते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत हवा नसते. तिथे बुरशी मागे पडते आणि काम जिवाणूंवर येते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा कोरड्या जमिनीत हे जीव जवळजवळ झोपलेले असतात. आणि काही औषधे कंपोस्टच्या ढिगालाही दाद देत नाहीत. २००० साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात क्लोपायरॅलिड हे तणनाशक मारलेल्या गवताचे कंपोस्ट भाजीपाल्याला घातले गेले आणि रोपे वाकडीतिकडी झाली. ढीग तापला, कुजला, काळा झाला, तरी औषध त्यात शिल्लक होते. हॉवर्ड यांच्या खड्ड्यात जे तण पडत होते ते औषध न मारलेले होते, हा फरक विसरून चालणार नाही.

मग आपण काय करायचे? पहिले म्हणजे पऱ्हाट्या आणि धानाची तणस पेटवू नये. ती बुरशीची शिदोरी आहे. बारीक करून शेणाबरोबर कुजवावी. मोहफूल वेचायला झाडाखालची पाने जाळण्याने जो वणवा लागतो, त्यात जंगलाचीही हीच शिदोरी जळते. तणनाशक मारलेले गवत गुरांना घालू नये आणि कंपोस्टच्या खड्ड्यातही टाकू नये. ट्रायकोडर्माचे पाकीट आणले तर ते शेणखतात मिसळून घालावे. उपाशी जमिनीत ते टिकत नाही, आणि फवारलेल्या औषधाची ते सफाई करील अशी आशाही धरू नये. लेबलावरच्या मात्रेपेक्षा जास्त औषध मारू नये, आणि पाऊस यायच्या बेतात असताना तर मुळीच नाही, कारण मग ते बुरशीच्या आधी नाल्यात आणि बोडीत पोहोचते. फवारलेल्या धुऱ्यावरच्या रानभाज्या आणि सात्या खुडू नयेत. फवारताना हातमोजे, तोंडाला मास्क आणि अंगभर कपडे हवेत. रिकामा डबा पाण्यासाठी कधीही वापरू नये.

निंदणाची मजुरी परवडत नाही म्हणून शेतकरी पंप उचलतो, ही अडचण खरी आहे. आणि ते निंदण गेल्याने ज्या बायांचा पावसाळ्यातला रोज गेला, त्यांचीही अडचण तितकीच खरी आहे. तिचे उत्तर बुरशीकडे नाही. पण फवारलेले औषध जमिनीत किती दिवस राहील, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. डवऱ्याने जेवढे तण काढता येईल तेवढे काढले, तर तेवढे औषध कमी लागते, आणि ते तण खड्ड्यात गेले तर उरलेल्या औषधाची सफाई करणाऱ्या जीवांचे पोटही भरते. हॉवर्ड यांनी इंदूरला शंभर वर्षांपूर्वी घालून दिलेली रीत त्यासाठी अजून पुरेशी आहे: तीन फूट खोल खड्डाही लागत नाही, शेण, काडी, राख, पाणी आणि तीन पालट्या. पंधरा दिवसांनी ढीग उकरला आणि आत पांढरे जाळे दिसले, तर काम नीट चालले आहे असे समजावे.